अ‍ॅव्हलॉनच्या दोन रात्री: फ्लाइंग बरिटो ब्रदर्सच्या टेप ३८ वर्षं का पडून राहिल्या

सॅन फ्रान्सिस्कोच्या सटर स्ट्रीटवर अ‍ॅव्हलॉन बॉलरूम नावाचा हॉल होता. १९६९ सालच्या ४, ५ आणि ६ एप्रिलला, म्हणजे गुड फ्रायडे ते ईस्टर संडे, तिथे ग्रेटफुल डेड या रॉक बँडचे कार्यक्रम लागले होते. त्यांच्या आधी वाजवणाऱ्यांमध्ये लॉस एंजेलिसहून आलेला फ्लाइंग बरिटो ब्रदर्स हा नवा बँड होता. त्यांचा पहिला अल्बम बाजारात येऊन दोनएक महिने झाले होते आणि तो फारसा खपत नव्हता. गर्दी डेडसाठी होती. आधीच्या बँडचं वाजवणं म्हणजे बऱ्याच जणांसाठी आत शिरून जागा धरण्याची वेळ. मिक्सरमागे बसलेल्या माणसाने मात्र स्पूल चालू ठेवली.

त्यातल्या ४ आणि ६ एप्रिलच्या कार्यक्रमांचा दोन सीडींचा संच नोव्हेंबर २००७ मध्ये निघाला. मधल्या ३८ वर्षांत त्या टेप हरवल्या नव्हत्या, जळाल्या नव्हत्या, कुणी चोरल्याही नव्हत्या. त्या जिथे असायला हव्यात तिथेच होत्या. जुनं संगीत टेप कुजल्यामुळे हातचं जातं असा आपला समज असतो. इथे गाडं अडलं होतं परवानगीपाशी, आणि माझ्या मते ते तिथे अडलं हे चांगलंच झालं. कसं, ते या प्रकरणातून पाहू.

बँड कोणता, आणि एवढं कौतुक कशाचं

फ्लाइंग बरिटो ब्रदर्स १९६८ मध्ये ग्रॅम पार्सन्स आणि ख्रिस हिलमन यांनी उभा केला. दोघेही द बर्ड्स या नावाजलेल्या बँडमधून बाहेर पडलेले. पार्सन्स फ्लोरिडा-जॉर्जियाकडचा, संत्र्यांच्या बागांवर गबर झालेल्या आजोळचा मुलगा. हिलमन कॅलिफोर्नियाचा, आधी ब्लूग्रास या कंट्रीच्याच एका प्रकारात मँडोलिन वाजवून तयार झालेला. ऑगस्ट १९६८ मध्ये आलेल्या बर्ड्सच्या 'स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ' या अल्बममध्ये दोघांनी कंट्री संगीताला रॉकच्या घरात आणून बसवलं होतं. ते पाहुणं तिथे कायमचं राहावं म्हणून हा नवा बँड. सोबत बेसवर ख्रिस एथरिज आणि पेडल स्टील या आडव्या ठेवायच्या गिटारवर पीट क्लाइनो, ज्याला सगळे 'स्नीकी पीट' म्हणत. ड्रमवर थोड्याच दिवसांत बर्ड्सचाच जुना मायकेल क्लार्क आला.

त्या काळच्या अमेरिकेत कंट्री आणि रॉक या दोन वेगळ्या आळ्या होत्या. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होतं. लांब केसांची पोरं रॉक ऐकत. ट्रक चालवणारे, शेतावर राबणारे दक्षिणेकडचे गोरे कंट्री ऐकत. आणि दोघांनाही एकमेकांचं तोंड पाहायचं नसे. बरिटोंनी लांब केस ठेवले आणि अंगावर कंट्री गायकांचे झगमगीत कशिद्याचे सूट चढवले. ते सूट नॉर्थ हॉलिवूडच्या न्यूडी कोहनच्या दुकानातले. पार्सन्सच्या पांढऱ्या सुटावर अफूची फुलं, गोळ्या आणि गांज्याची पानं भरलेली होती. दोन्ही आळ्यांना चिडवायला एवढं पुरेसं होतं.

'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' हा पहिला अल्बम फेब्रुवारी १९६९ मध्ये ए अँड एम रेकॉर्ड्सने काढला. बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत तो १६४ क्रमांकाच्या वर गेला नाही. पुढे जे झालं ते रॉकच्या इतिहासात अनेकदा सांगून झालंय, म्हणून भरभर सांगतो: एथरिज गेला, बर्नी लेडन आला, १९७० मध्ये दुसरा अल्बम आला, त्याच वर्षी पार्सन्सला बँडमधून काढलं, १९ सप्टेंबर १९७३ रोजी जोशुआ ट्रीमधल्या मोटेलात तो वयाच्या २६ व्या वर्षी वारला. लेडनने १९७१ मध्ये इतरांबरोबर ईगल्स काढला आणि कंट्री रॉक कोट्यवधींच्या धंद्यात गेलं. ज्यांनी वाट पाडली त्यांच्या वाट्याला आख्यायिका आली आणि पैसा दुसऱ्यांच्या.

आपल्या प्रकरणाचा पेच इथूनच सुरू होतो. पार्सन्स असतानाच्या बरिटोंचा एकही लाइव्ह अल्बम त्यांच्या हयातीत निघाला नाही. १९७२ मध्ये 'लास्ट ऑफ द रेड हॉट बरिटोज' हा लाइव्ह अल्बम आला, तेव्हा पार्सन्सला बँडमधून बाहेर पडून दीड-दोन वर्षं झाली होती. त्याहून मजेची गोष्ट पार्सन्सच्या मृत्यूनंतर आलेल्या 'ग्रीव्हस एंजल' (१९७४) या त्याच्या स्वतःच्या अल्बममध्ये आहे. त्यात 'लाइव्ह फ्रॉम नॉर्दर्न क्वेबेक' असं म्हणवणारा दोन गाण्यांचा तुकडा आहे. मागे बाटल्यांची खणखण, लोकांच्या आरोळ्या, सगळं यथासांग. तो सगळा मामला स्टुडिओत रचलेला आहे; उत्तर क्वेबेकशी त्याचा काडीचा संबंध नाही. म्हणजे वर्षानुवर्षं श्रोत्यांच्या घरी होता तो पार्सन्सचा बनावट लाइव्ह, आणि खरा लाइव्ह खोक्यात.

मिक्सरमागचा माणूस

अ‍ॅव्हलॉनमध्ये टेप चालवणारा माणूस म्हणजे ऑगस्टस ओव्स्ली स्टॅन्ली, सगळ्यांचा 'बेअर'. आजोबा केंटकीचे गव्हर्नर आणि पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य. नातू साठच्या दशकातला एलएसडी हा अमली पदार्थ बनवणाऱ्यांतला सगळ्यांत प्रसिद्ध. १९६७ च्या अखेरीस त्याला अटक झाली होती आणि १९६९ मध्ये तो जामिनावर बाहेर होता. डेडचा साउंड तो सांभाळायचा आणि आवाजाच्या बाबतीत इतका हट्टी होता की बँडवाले वैतागत. कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी चालेल, केबल मनासारखी लागलीच पाहिजे, असा खाक्या.

त्याने टेप करण्यामागे रेकॉर्ड काढण्याचा विचार नव्हता. हॉलमध्ये आपण केलेलं मिक्स कसं लागलं, कुठला माइक कुठे ठेवायला हवा होता, हे कार्यक्रमानंतर ऐकून तपासायचं, एवढाच हेतू. या टेपना तो 'सॉनिक जर्नल' म्हणायचा, म्हणजे साउंडवाल्याची रोजनिशी. आणि रोजनिशी लिहिणारा फक्त सणावाराच्या नोंदी करत नाही. डेडच्या आधी कोण वाजवतंय, त्याला नाव आहे की नाही, हा प्रश्नच येत नव्हता. जो त्याच्या मिक्सरमधून गेला तो टेपवर आला. बरिटो असे टेपवर आले.

एका अर्थी त्याच वर्षी त्याच शहरात असंच आणखी एकदा झालं होतं. फेब्रुवारी १९६९ मध्ये फिलमोर वेस्ट या हॉलमध्ये गिटारवादक माइक ब्लूमफील्डच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करायला आलेल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या लोकांच्या टेपवर आधी वाजवणारे बर्ड्सही आले. ते २००० साली प्रसिद्ध झालं. मुख्य पाहुण्यासाठी मांडलेल्या पानावर आधीचा जेवून गेला, असा प्रकार.

खोक्यातली वर्षं

बेअरच्या टेप पुढे ग्रेटफुल डेडच्या स्वतःच्या टेपांबरोबर त्यांच्या व्हॉल्टमध्ये, म्हणजे टेपांच्या कोठारात, राहिल्या. डेडची ओळखच अशी की त्यांनी आपल्या कार्यक्रमांच्या टेप जपल्या आणि चाहत्यांनाही करू दिल्या. त्यामुळे त्यांच्या व्हॉल्टमध्ये शिस्त होती. बरिटोंच्या टेप शाबूत राहण्याचं निम्मं श्रेय या शेजाराला आहे. रेकॉर्ड कंपनीच्या गोदामात, विक्री न झालेल्या बँडच्या नावाने पडलेल्या रिळांचं काय होतं ते सांगायला नको.

टेपबद्दल थोडं जवळून सांगण्यासारखं आहे. १९६९ च्या सुमाराच्या पाव इंची टेप पुष्कळदा सत्तरीत बनलेल्या टेपांपेक्षा बऱ्या अवस्थेत सापडतात, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. सत्तरीच्या मध्यापासून काही कंपन्यांनी टेपवरचा चुंबकीय थर धरून ठेवायला जे पॉलियुरेथेन वापरलं ते हवेतला दमटपणा पितं आणि चिकट होतं. मशीनवर लावली की टेप किंचाळते, अडते आणि तपकिरी खळ हेडवर सोडत जाते. अशा टेप ५०-५५ अंश सेल्सियसला काही तास हलक्या भाजून मगच वाजवतात, आणि तेवढ्यात कॉपी करून घेतात. त्याआधीच्या अ‍ॅसिटेटच्या टेपना वेगळं दुखणं: त्या वाळतात, आंबूस वास मारू लागतात आणि तटकन तुटतात. पण तुटलेली अ‍ॅसिटेट सरळ तुटते, ताणली जात नाही, म्हणून जोडता येते.

लांबीचा हिशोबही लक्षात ठेवावा. ७ इंची स्पूलवर १२०० फूट टेप बसते. सेकंदाला साडेसात इंच या वेगाने ती ३२ मिनिटं चालते, पंधरा इंचाने १६. म्हणून जुन्या लाइव्ह ध्वनिमुद्रणात ऐन गाण्यात कापाकापी सापडते: स्पूल संपली, साउंडवाला दुसरी चढवतोय, तोवर गायक अर्ध्या कडव्यावर पोहोचलेला. आधी वाजवणाऱ्या बँडला वेळच कमी मिळे, त्यामुळे अशा बाबतीत तो सुदैवी.

परवानगी

अमीबा म्युझिक हे कॅलिफोर्नियातलं प्रचंड मोठं रेकॉर्डांचं दुकान. त्याचे एक संस्थापक डेव्ह प्रिन्झ पार्सन्सचे निस्सीम चाहते. बेअरने बरिटोंना टेप केलं होतं आणि त्या टेप डेडच्या व्हॉल्टमध्ये आहेत, हे कळल्यावर ते मागे लागले. दुकानाने स्वतःचं लेबल काढलं आणि या टेप त्यावर आणायच्या ठरल्या.

मग गाठ पडली बेअरच्या नियमाशी. त्याचं म्हणणं सरळ होतं: टेप माझी, पण तिच्यावरचं वाजवणं त्यांचं, वाजवणारे हो म्हणाले तरच. बूटलेगवाल्यांनी, म्हणजे चोरून रेकॉर्ड काढणाऱ्यांनी, ही पायरी कधीच गाळून टाकली असती. पार्सन्सच्या नावावर चोरून निघालेल्या रेकॉर्डांचा बाजार तेव्हाही तेजीत होता आणि बेअरला कुणी अडवायला आलं नसतं. पण तो अडून बसला. हयात असलेल्या बरिटोंची आणि पार्सन्सच्या वारसांची संमती घ्यावी लागली.

हे वाचताना आपल्याकडच्या खासगी मैफलींच्या स्पूल आठवतात. पुण्या-मुंबईच्या जुन्या रसिकांच्या कपाटांत अशा शेकडो आहेत. मालकाने दिल्या नाहीत की आपण त्याला कंजूष म्हणतो, दिल्या की दिलदार. गाणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना विचारलं होतं का, हा प्रश्न दोन्ही वेळा कुणी काढत नाही. कायद्याने कलाकाराला त्याच्या सादरीकरणावर हक्क दिला तो १९९४ च्या दुरुस्तीने. रीत म्हणून तो आपल्या अंगवळणी अजून पडलेला नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिलं तर अशा एका टेपवर बऱ्याच जणांचा हात असतो. टेप नावाची वस्तू एकाची. तिच्यावरचं वाजवणं पाच जणांचं. त्या पाच जणांनी त्या वर्षी एखाद्या कंपनीशी फक्त तिच्यासाठीच ध्वनिमुद्रण करण्याचा करार केलेला असला, तर त्या कंपनीचा किंवा तिला गिळलेल्या पुढच्या कंपनीचा शब्दही मध्ये येतो. ए अँड एम १९८९ मध्ये पॉलिग्रॅमने घेतली, पॉलिग्रॅम १९९८ मध्ये युनिव्हर्सलमध्ये गेली. करार मात्र कागदांबरोबर पुढे पुढे जात राहतात. शिवाय अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना तेव्हा केंद्राचं कॉपीराइट संरक्षणच नव्हतं. प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. हा गुंता सुटला २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अ‍ॅक्टने. त्याप्रमाणे अशी न प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं आता १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहेत. २००७ मध्ये मात्र प्रत्येकाला एकेक करून गाठणं हाच खात्रीचा मार्ग होता.

उरले गीतकार-संगीतकार. त्यांचं काम सगळ्यांत सोपं, कारण तिथे ठरलेला दर आहे. एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं दुसऱ्याने गायलं तर संगीतकाराची वेगळी परवानगी लागत नाही, ठरलेले पैसे भरावे लागतात. २००६ पासून तो दर पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला एका प्रतीमागे ९.१ सेंट होता. वीस गाण्यांचा संच धरला तर प्रतीमागे १ डॉलर ८२ सेंट. दुसऱ्यांची गाणी भरपूर गाणाऱ्या बँडच्या संचाला हा खर्च जाणवतो, आणि बरिटो दुसऱ्यांची गाणी भरपूर गात.

टेपवर काय आहे

नवा अल्बम नुकताच निघालाय, कंपनीला तो खपवायचाय, तर बँडने स्टेजवर तोच वाजवावा अशी अपेक्षा. बरिटो अ‍ॅव्हलॉनला त्यातली मोजकीच गाणी घेतात: 'सिन सिटी', 'हॉट बरिटो'ची दोन गाणी, 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट'. बाकी कार्यक्रम हँक विल्यम्सचं 'यू विन अगेन', बक ओवेन्सने गाजवलेलं 'क्लोज अप द हॉन्की टॉन्क्स', मेल टिलिसचं 'मेंटल रिव्हेंज', विली नेल्सन आणि हँक कॉक्रनचं 'अनडू द राइट' अशा बारमधल्या रडक्या गाण्यांवर, आणि मध्येच लिटल रिचर्डचं 'लुसिल'.

हे नुसतं आवडीनिवडीचं प्रकरण नव्हतं. 'डार्क एंड ऑफ द स्ट्रीट' हे डॅन पेन आणि चिप्स मोमन यांचं गाणं, जेम्स कार या कृष्णवर्णीय सोल गायकाने ते गायलं. लपून भेटणाऱ्या जोडप्याचं, पापाची टोचणी असलेलं. बरिटो त्याच्या शेजारी गोऱ्यांच्या बारमधलं रडगाणं ठेवतात आणि सांधा दिसत नाही. पार्सन्स या मिश्रणाला 'कॉस्मिक अमेरिकन म्युझिक' म्हणायचा. मुलाखतीतलं ते नाव थोडं फुगवलेलं वाटतं. अ‍ॅव्हलॉनला गाण्यांचा क्रम ऐकला की त्याचा अर्थ पटतो. हिप्पींच्या हॉलमध्ये, पुढे डेडची वाट पाहणाऱ्यांसमोर, एकामागून एक हॉन्की टॉन्क, म्हणजे दारूच्या बारमधली कंट्री, गाणी म्हणणं याला धाडस लागतं. किंवा बेफिकिरी. या बँडमध्ये दोन्ही होतं.

आता गाण्याबद्दल. पार्सन्सचा आवाज लहान आहे, वरच्या सुरात तुटतो, आणि तो तुटणं लपवत नाही. स्टुडिओत हे हळवेपण म्हणून खपतं. इथे काही जागी तो चक्क बेसूर होतो. हिलमनचा वरचा सूर घट्ट आहे, ब्लूग्रासची तालीम दिसते. दोघांचं एकत्र गाणं काही ओळींत इतकं जमतं की सख्खे भाऊ वाटावेत, पुढच्या ओळीत एक जण अर्धा शब्द आधी निघून जातो. क्लार्कचे ड्रम कधी मागे रेंगाळतात. ज्यांनी या बँडची कीर्ती पुस्तकांतून ऐकलीय त्यांना इथे थोडं खट्टू व्हायला होईल. व्हावं. १९६९ मध्ये त्यांचे कार्यक्रम पाहिलेले लोक त्यांना गबाळे म्हणत, त्यांना काय म्हणायचं होतं ते कळतं.

आणि मग स्नीकी पीट. माझ्या दृष्टीने या संचाचा नायक तोच. पेडल स्टील हे आडवं ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर सरकवत वाजवायचं वाद्य. पायांनी पेडल दाबून तारांचे सूर ताणायचे. मींड काढण्यासाठीच जन्माला आलेलं. नॅशव्हिलचे वादक दहा तारांची वाद्यं वापरत, ठरावीक साच्यातले हुंदके काढत. क्लाइनो मात्र आठ तारांच्या फेंडरवर वाजवायचा, आणि स्टीलचा आवाज फझ बॉक्समधून घालवून तो इलेक्ट्रिक गिटारसारखा खरखरीत करायचा. पोटापाण्याचा मूळ धंदा त्याचा बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशनचा. 'गंबी' या मुलांच्या मालिकेवर त्याने काम केलेलं, आणि बँड सुटल्यावर तो सिनेमाच्या स्पेशल इफेक्ट्सकडे परतला. एकेक चौकट हलवणाऱ्या माणसाचा संयम त्याच्या वाजवण्यात आहे.

स्टुडिओत तो एकाच गाण्यात स्टीलचे अनेक थर चढवायचा. अल्बममध्ये काही ठिकाणी दोन-दोन स्टील एकमेकांशी बोलतात. अ‍ॅव्हलॉनला थर चढवायची सोय नाही. दोन हात, दोन पाय, एक वाद्य. त्यामुळे 'हॉट बरिटो'च्या दुसऱ्या गाण्यात त्याला निवड करावी लागते: गायकाला उत्तर द्यायचं की मागची भिंत उभी करायची. तो दोन्ही अर्धं अर्धं करतो, ओळ संपता संपता फझचा फराटा मारून पुन्हा मागे सरकतो. बँडमध्ये दुसरा लीड गिटारवाला नसल्याने सगळी मोकळी जागा त्याचीच. बँडची शिस्त सुटते तिथे स्टील ती बांधून धरतं. हे स्टुडिओच्या रेकॉर्डवर कळायला मार्गच नव्हता.

साउंडबोर्डच्या, म्हणजे थेट मिक्सरमधून घेतलेल्या, टेपबद्दल एक सावधगिरी. हॉलमध्ये जे आधीच मोठ्याने वाजतंय, म्हणजे गिटारचे अ‍ॅम्प्लिफायर, ते स्पीकरमधून द्यावं लागत नाही, म्हणून टेपवर ते दबलेलं लागतं. आवाज मात्र स्पीकरमधून द्यावेच लागतात, म्हणून टेपवर गायक अंगावर येतात. अ‍ॅव्हलॉनच्या टेपवर गायक पुढे आहेत. त्यांच्या चुका जास्त ठळक लागतात याचं एक कारण हेही. तसंच टाळ्यांचं. माइकांची तोंडं स्टेजकडे असतात. टाळ्या पातळ आल्या म्हणून लोक कंटाळले होते असा निष्कर्ष काढू नये. बेअरचं मिक्स मात्र विलक्षण स्वच्छ आहे. त्या काळचे चोरून केलेले टेप ज्यांनी ऐकलेत त्यांना पहिल्या मिनिटात फरक जाणवेल.

संपादनाचे निर्णय

दोन रात्रींत काही गाणी पुन्हा येतात. धंद्याचा विचार केला तर दोन्हींतलं चांगलं तेवढं उचलून एक सीडी करणं सोपं होतं, खर्चही कमी. प्रकाशकांनी दोन्ही रात्री वेगवेगळ्या ठेवल्या. हा निर्णय मला सगळ्यांत शहाणा वाटतो. निवडक तुकडे जोडले की पुन्हा एक 'उत्तर क्वेबेक' तयार होतं, कधीही न झालेला कार्यक्रम. दोन रात्री शेजारी ठेवल्यावर कुठली चूक त्या दिवसाची आणि कुठली सवयीची हे कान ओळखू लागतो.

शेवटी दोन जास्तीची ध्वनिमुद्रणं जोडली आहेत, पार्सन्सने एकट्याने केलेले कच्चे नमुने. एक 'व्हेन विल आय बी लव्ह्ड', एव्हर्ली ब्रदर्सचं. दुसरं 'थाउजंड डॉलर वेडिंग', पियानोवर. हे गाणं पक्क्या रूपात यायला 'ग्रीव्हस एंजल'ची वाट पाहावी लागली. त्या दोन गोष्टींचा अ‍ॅव्हलॉनशी काही संबंध नाही. ऐकायला मौल्यवान आहेत, पण त्यांच्यामुळे संचाचा रोख बँडवरून पार्सन्सवर सरकतो, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे.

मुखपृष्ठावर नाव आहे 'ग्रॅम पार्सन्स आर्काइव्ह, खंड १'. बरिटो त्याच्या सोबतीला. तरुणपणी गेलेल्या माणसाचं नाव विकलं जातं, हे मलाही कळतं. अमीबाला पैसे वसूल करायचे होते. पण टेप ऐकल्यावर हे नाव खोटं वाटू लागतं. बँड हिलमनने पार्सन्सइतकाच उभा केला, गाणी दोघांनी लिहिली, 'हॉट बरिटो'ची जोडी एथरिजबरोबरची, आणि रात्र तोलून धरली क्लाइनोने. क्लाइनो जानेवारी २००७ मध्ये वारला. संच आला त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये. मायकेल क्लार्क तर १९९३ मध्येच गेला होता.

इथे कुणी म्हणेल, पार्सन्सचं नाव नसतं तर हा संच निघालाच नसता. बरोबर आहे. तरीही ज्या टेपसाठी प्रत्येक वाजवणाऱ्याला विचारायचा आग्रह धरला गेला, त्या टेपच्या मुखपृष्ठावर एकाचंच नाव मोठं असावं हा विरोधाभास पचत नाही.

बेअरच्या उरलेल्या टेपांचं पुढे

बेअर मार्च २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये मोटार अपघातात वारला. मागे सुमारे १,३०० रिळं राहिली. त्याच्या नावाने निघालेल्या ओव्स्ली स्टॅन्ली फाउंडेशनने ती डिजिटल करायला घेतली आणि 'बेअर्स सॉनिक जर्नल्स' या मालिकेत एकेक संच काढायला सुरुवात केली. त्यात न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेजचा २०२० मधला संच आहे. कंट्री रॉकच्या शौकिनांनी बरिटोंच्या जोडीने तो ऐकावा, कारण त्यात पेडल स्टीलवर चक्क डेडचा जेरी गार्सिया आहे, वाद्य नुकतंच हाती धरलेला.

त्याच वर्षी त्याच मालिकेत उस्ताद अली अकबर खाँ यांची २९ मे १९७० ची सॅन फ्रान्सिस्कोतली मैफल निघाली. सतारीवर इंद्रनील भट्टाचार्य, तबल्यावर एकोणीस वर्षांचे झाकीर हुसेन, माहीमहून नुकतेच तिकडे गेलेले. त्याच मिक्सरवाल्याचे कान. सरोदला आणि तबल्याला त्याने कसं लावलंय ते ऐकलं की अ‍ॅव्हलॉनच्या टेपमध्ये स्टील इतकं ठसठशीत का आहे ते आपोआप समजतं: ज्याची मींड लांबते त्या वाद्याला तो हवा देतो, आजूबाजूला गर्दी करत नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर संच पहिल्यापासून लावू नका. आधी स्टुडिओतला 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' एकदा सलग ऐका, मग 'हॉट बरिटो'ची दोन्ही गाणी अ‍ॅव्हलॉनच्या टेपवर, आणि त्यात पार्सन्सकडे दुर्लक्ष करून फक्त स्टील ऐका. दुसऱ्या फेरीत हिलमनचा वरचा सूर. पार्सन्स तिसऱ्या फेरीला चालेल. त्याची वाट पाहणारे तसेही खूप आहेत.